संसदेच्या समितीला निवेदन कसं पाठवायचं: मच्छीमार आणि शेतकरी संस्थांसाठी

आमच्या मच्छीमार सोसायटीने दिल्लीला पाठवलेलं पहिलं निवेदन बारा पानांचं होतं, सगळं मराठीत होतं आणि मुदत संपून नऊ दिवस झाल्यावर तिथे पोचलं. एलईडीचे प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी, डिझेलचा परतावा, जेटीचं अर्धवट काम, वादळात फुटलेल्या होड्यांची भरपाई, जे जे मनात साचलं होतं ते सगळं आम्ही त्यात घातलं. समितीने ज्या विषयावर सूचना मागवल्या होत्या, त्यावर मात्र जेमतेम दीड पान. चार रात्री आम्ही लिहायला बसलो होतो. म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांनी, हिशोबाच्या वह्या काढून दिल्या होत्या. ते कष्ट वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं, आणि दुसऱ्या कुणाचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

माझं सासर मालवण किनाऱ्यावरचं, मच्छीमारांचं. माहेर देवगडकडचं, आंबा-काजूवाल्यांचं. सरकारी धोरणाबद्दल दोन्ही घरांत रोज बोललं जातं, पण ते धोरण दिल्लीत तपासतं कोण आणि त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हे दोन्हीकडे कुणाला सांगता येत नव्हतं. पुढे जे लिहिलंय ते अहवाल वाचून, चुका करून आणि जाणकारांना विचारून कळलेलं आहे.

१. कुठली समिती, हे आधी नक्की करा

‘समिती’ या एका शब्दाने आपल्याकडे फार घोळ होतो. पर्ससीनचा (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याचा) विषय निघाला की सगळे सोमवंशी समितीचं नाव घेतात. पण ती राज्य सरकारने नेमलेली तज्ज्ञांची समिती होती आणि तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६चा राज्याचा आदेश निघाला. जिल्हा परिषदेत ‘पीआरसी येणार’ म्हणून धावपळ होते, ती विधिमंडळाची पंचायती राज समिती. खासदारांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात ‘दिशा’ची बैठक होते, ती केंद्राच्या योजना जिल्ह्यात कशा चालल्यात ते बघते. मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची सल्लागार समिती आणखी वेगळी. आपण बोलतोय ते यातल्या कुठल्याच समितीबद्दल नाही.

आपल्याला हव्या आहेत त्या संसदेच्या, मंत्रालयांच्या कामाशी जोडलेल्या स्थायी समित्या. १९८९मध्ये तीन विषय समित्या झाल्या आणि त्यात एक शेतीची होती. एप्रिल १९९३पासून अशा १७ स्थायी समित्या झाल्या, २००४मध्ये त्या २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ खासदार असतात: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. समितीची मुदत एक वर्षाची असते, म्हणजे दरवर्षी ती नव्याने नेमली जाते.

आपल्या कामाच्या मुख्य दोन:

कृषी, पशुसंवर्धन व अन्नप्रक्रिया समिती. कृषी मंत्रालय, कृषी संशोधन, मत्स्यव्यवसाय विभाग, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभाग, अन्नप्रक्रिया आणि सहकार मंत्रालय हिच्याकडे येतात. १८व्या लोकसभेत सप्टेंबर २०२४मध्ये समित्या नेमल्या गेल्या तेव्हा हिचं अध्यक्षपद चरणजितसिंग चन्नी यांच्याकडे गेलं.

ग्रामीण विकास व पंचायती राज समिती. रोजगार हमी, ग्रामीण रस्ते, घरकुल, भूसंसाधन, पंचायती राज. २०२४मध्ये हिचे अध्यक्ष झाले सप्तगिरी शंकर उलाका.

पहिला सापळा इथेच आहे. मासेमारीचा प्रश्न म्हणजे कृषी समिती, असं डोळे मिटून धरू नका. बंदराचा आणि सागरमाला या बंदरविकासाच्या योजनेचा विषय बंदर मंत्रालयाचा, म्हणून तो वाहतूक, पर्यटन व संस्कृती समितीकडे जातो. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांच्या निर्बंधांचा, विषय पर्यावरण मंत्रालयाचा, तो विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण व वने यांच्या समितीकडे. कोळंबीची निर्यात वाणिज्य समितीकडे. शेतीतही तसंच: खत रसायने व खते समितीकडे, पाटबंधारे जलसंसाधन समितीकडे, पीककर्ज देणाऱ्या बँकांचा विषय वित्त समितीकडे. २४पैकी १६ समित्यांचं काम लोकसभा सचिवालय बघतं आणि ८ समित्यांचं राज्यसभा सचिवालय, म्हणून पत्ताही त्याप्रमाणे बदलतो. आमच्या बारा पानांत चार वेगवेगळ्या समित्यांचे विषय होते, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं.

दुसरी गोष्ट केंद्र-राज्याची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी हा राज्याचा विषय आहे आणि राज्याच्या हद्दीतल्या समुद्राबाहेरची, म्हणजे १२ सागरी मैलांपलीकडची मासेमारी केंद्राचा. आत राज्याचा कायदा चालतो: महाराष्ट्रात १९८१चा, गोव्यात १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा. तेव्हा किनाऱ्यालगत रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) पट्ट्यात कुणी पर्ससीन घातलं, याची तक्रार दिल्लीच्या समितीकडे करून काही होत नाही. त्यासाठी मत्स्यव्यवसाय खातं आणि विधिमंडळ. शेतीही राज्याचाच विषय आहे. पण केंद्राचा पैसा, केंद्राची योजना आणि केंद्राचा कायदा जिथे येतो, तिथे संसदेच्या समितीला विचारता येतं.

२. समितीच्या हातात काय आहे

तिची कामं चार. मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे बजेटमधला त्याचा वाटा, तपासणं. सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्यांनी (लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे सभापती) पाठवलेली विधेयकं तपासणं. वार्षिक अहवाल बघणं. आणि राष्ट्रीय पातळीवरच्या दीर्घकालीन धोरणांचा विचार करणं. मंत्रालयाच्या रोजच्या कारभारात तिने शिरायचं नाही, असा नियमच आहे. ‘आमच्या होडीचा परवाना अडवला’, ‘माझा विम्याचा दावा नाकारला’ अशी एकट्याची तक्रार तिथे चालत नाही. तीच तक्रार शेकडो जणांची असेल आणि तिचं मूळ योजनेच्या नियमात असेल, तर तो धोरणाचा मुद्दा होतो. निवेदनाची सगळी मेहनत या एका रूपांतरात आहे.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हेही माहीत असू द्या. डिसेंबर २०२४मध्ये चन्नी यांच्या समितीने पीएम-किसानची रक्कम वर्षाला ६,००० रुपयांवरून १२,००० करावी, हमीभावाला कायद्याचा आधार द्यावा, शेतमजुरांसाठी किमान वेतनाचा राष्ट्रीय आयोग नेमावा आणि कृषी विभागाच्या नावातच शेतमजूर हा शब्द आणावा, असं सुचवलं. पुढच्या बजेटमध्ये ६,०००चे १२,००० झाले नाहीत. २०२५मध्ये ग्रामीण विकास समितीने रोजगार हमीची मजुरी किमान ४०० रुपये आणि कामाचे दिवस १५० करायला सांगितलं, तीही शिफारसच.

मग एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या सभेत एका तांडेलांनी विचारलं होतं. त्यांना दिलेलं उत्तर इथेही देते. शिफारशीवर काय केलं हे मंत्रालयाला तीन महिन्यांत लेखी कळवावं लागतं, ते उत्तर छापलं जातं, आणि उत्तर पटलं नाही तर समिती ‘पटलं नाही’ असंही छापते. शिफारशींच्या अंमलबजावणीबद्दल मंत्र्यांना सभागृहात निवेदन करावं लागतं. आपण खात्याला दहा पत्रं लिहिली तरी जे लेखी उत्तर येत नाही, ते समितीने विचारल्यावर येतं. माझ्या मते समितीची खरी ताकद हीच आहे.

आणि समिती गावापर्यंत येते कधी कधी. जनुकीय बदल केलेल्या अन्नपिकांचा अभ्यास करताना बासुदेब आचार्य यांच्या अध्यक्षतेखालची कृषी समिती २०१२मध्ये यवतमाळ जिल्ह्यात आली होती, कापूस शेतकऱ्यांशी बोलली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेला तिचा अहवाल आजही त्या वादात पुढे केला जातो.

३. वेळ साधा

निवेदन पोचवायच्या तीन वेळा असतात.

पहिली, विधेयक समितीकडे जातं तेव्हा. समिती वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर जाहिरात देऊन सूचना मागवते. मुदत बहुतेक वेळा दोन आठवड्यांची असते. फवारणीच्या औषधांचं उदाहरण घ्या. १९६८च्या कीटकनाशक कायद्याच्या जागी नवा कायदा आणणारं कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २०२०मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, २०२१मध्ये कृषी समितीकडे गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल आला. २०१७मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या घरांचं, त्या मजुरांचं म्हणणं मांडायची तीच जागा होती आणि तीच वेळ होती.

प्रत्येक विधेयक समितीकडे जातंच असं नाही. २०२०चे तीन कृषी कायदे समितीकडे न जाताच संमत झाले. निवड समितीकडे (एखाद्या विधेयकासाठी खास नेमलेल्या समितीकडे) पाठवायची मागणी राज्यसभेत मान्य झाली नाही, आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१मध्ये ते मागे घ्यावे लागले. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या मोजणीप्रमाणे १५व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, १७व्या लोकसभेत १६ टक्के. मला ही घसरण फार काळजीची वाटते. चौकशी न होता आलेला कायदा किनाऱ्यावर आणि बांधावर येऊन आपटतो, तेव्हा दुरुस्ती करायला उशीर झालेला असतो.

दुसरी वेळ वार्षिक विषयांची. नवी समिती बसली की ती वर्षभर कुठले विषय घेणार याची यादी ठरवते आणि ती प्रसिद्ध होते. समित्या साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला नव्याने नेमल्या जातात. यादीत ‘मत्स्यव्यवसाय’ किंवा ‘फळपीक विमा’ असं काही दिसलं, तर जाहिरातीची वाट बघत बसू नका. सचिवालयातल्या समितीच्या शाखेला पत्र लिहून ‘आम्हाला या विषयावर निवेदन द्यायचं आहे’ असं कळवा.

तिसरी वेळ बजेटची. १ फेब्रुवारीला बजेट येतं, मग अधिवेशनाला सुट्टी लागते आणि त्या काही आठवड्यांत समित्या मागण्या तपासतात. इथे साधारणपणे मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांचीच साक्ष होते, बाहेरच्यांना सहसा बोलावत नाहीत. तेव्हा आपला रस्ता समितीतल्या खासदारांकडून जातो: जानेवारीत त्यांच्या हातात एक पान द्यायचं, त्यावर अधिकाऱ्यांना विचारण्यासारखे तीन प्रश्न. उदाहरणार्थ, मत्स्यसंपदा योजनेला २०२०मध्ये पाच वर्षांसाठी २०,०५० कोटी जाहीर झाले. त्यातले आपल्या राज्यासाठी मंजूर किती, प्रत्यक्ष सोडले किती, खर्च किती? बजेटच्या कागदात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगळे रकाने असतात. मूळ अंदाज मोठा आणि सुधारित अंदाज लहान दिसला की तिथे बोट ठेवायचं. समितीलाही हाच फरक सगळ्यांत जास्त खुपतो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मसुद्यावरून धावपळ करू नका. भारतीय सागरी मत्स्यव्यवसाय विधेयक २०२१च्या पावसाळी अधिवेशनाच्या यादीत होतं, किनारपट्टीवर त्याविरुद्ध मोर्चे निघाले, पण ते सभागृहात मांडलंच गेलं नाही. मांडलं नाही म्हणजे समितीपुढेही नाही. मसुद्याच्या टप्प्यावर सूचना मंत्रालयाला द्यायच्या असतात. केंद्राच्या २०१४च्या धोरणाप्रमाणे मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायला हवा.

आम्ही आता तयारी पावसाळ्यातच करतो. केंद्राच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात, वह्या हाताशी असतात. शेतकऱ्यांनी आपापल्या पिकाप्रमाणे असा निवांत महिना शोधावा; आंबेवाल्यांना जुलै-ऑगस्ट बरा.

४. आधीचा अहवाल वाचा

ही पायरी सगळे टाळतात. आम्हीही टाळली होती. संसदेच्या संकेतस्थळावर समित्यांच्या भागात अहवाल फुकट मिळतात, इंग्रजीत आणि हिंदीत. शंभर पानं बघून घाबरू नका. सुरुवातीचा भाग म्हणजे मंत्रालयाने काय सांगितलं. समितीचं स्वतःचं म्हणणं ठळक अक्षरांत असतं. आधी तेवढंच वाचा.

त्याहून कामाचा असतो तो ‘कृती अहवाल’, म्हणजे शिफारशींवर सरकारने काय केलं त्याचा अहवाल. त्यात पाच प्रकरणं असतात. पहिल्यात समितीचा मुख्य अभिप्राय. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर बघून समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात ज्यांच्यावरचं उत्तर समितीला पटलेलं नाही त्या. पाचव्यात ज्यांचं शेवटचं उत्तर अजून यायचं आहे त्या. तुमचा मुद्दा चौथ्या किंवा पाचव्या प्रकरणात सापडला, तर तुम्हाला दार उघडंच मिळालं. ‘समितीने आधीच्या अहवालात अमुक शिफारस केली होती, मंत्रालयाने तमुक उत्तर दिलं, आणि आमच्या बंदरावर परिस्थिती अशी आहे’ अशी सुरुवात केली की वाचणारा अधिकारी पुढचं पान उलटतो. दुसऱ्या प्रकरणात ‘मान्य’ म्हणून छापलंय आणि गावात काहीच झालेलं नाही, असं असेल तर तेही सोडू नका, ते तर पहिलं लिहा.

५. कागद जमवा

संस्थेचे:
– नोंदणी प्रमाणपत्राची प्रत
– निवेदन पाठवायचं ठरलं त्या सभेचा ठराव आणि सही कोण करणार त्याचं नाव
– सभासद किती, त्यात खलाशी किती, मासळी विकणाऱ्या बायका किती

मच्छीमारांसाठी:
– होड्यांची नोंदणी आणि परवाने यांचा तक्ता (लांबी, इंजिन, जाळ्याचा प्रकार)
– डिझेलची बिलं आणि परतावा कधी जमा झाला त्या तारखा
– लिलावाच्या पावत्या, निदान तीन हंगामांच्या
– निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) वादळांनंतरचे पंचनामे आणि मिळालेली रक्कम
– किसान क्रेडिट कार्ड मागितलेल्यांची आणि बँकेने नाकारलेल्यांची संख्या

शेतकऱ्यांसाठी:
– सातबारा, पीकपाहणीची नोंद
– विम्याचा हप्ता भरल्याची पावती, दाव्याचा कागद
– बाजार समितीची हिशोबपट्टी

हे सगळं दिल्लीला पाठवायचं नसतं. यातून एक-दोन तक्ते करायचे आणि मूळ कागद सोसायटीच्या कपाटात ठेवायचे, कुणी विचारलं तर दाखवायला. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, मोबाइल नंबर तक्त्यात घालू नका. आमच्या पहिल्या निवेदनात ते सगळं होतं, आणि आता आठवलं की अंगावर काटा येतो.

बायकांचे आकडे वेगळे काढा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. होडीच्या कागदावर नाव नवऱ्याचं असतं. पण मासळी निवडणं, सुकवणं, विकणं बायका करतात आणि योजनेच्या यादीत त्या कुठेच नसतात. हा आकडा तुम्ही दिला नाही तर दुसरं कुणी देणार नाही.

६. निवेदन लिहा

चार-पाच पानं पुरे. पहिल्या पानावर संस्था कोण, कुठली, विषय कुठला आणि तुमच्या मागण्या कुठल्या, एवढं सगळं आलं पाहिजे. पुढची पानं न वाचता कुणी ठेवली तरी मागणी पोचली पाहिजे. मग एकेक मुद्दा: अनुभव, आकडा, नियमातली अडचण, उपाय. विधेयक असेल तर कलमाचा क्रमांक, आताचे शब्द आणि तुम्हाला हवे असलेले शब्द शेजारीशेजारी तक्त्यात मांडा.

मागणी अशी हवी की समितीला ती उचलून शिफारशीत घालता येईल. आम्ही आधी लिहिलं होतं, ‘एलईडीवाल्यांचा बंदोबस्त करून पारंपरिक मच्छीमारांना न्याय द्यावा.’ यावर समिती काय लिहिणार? दुसऱ्यांदा सराव म्हणून आम्ही तीच मागणी अशी केली: ‘एलईडीच्या मासेमारीवर बंदी घालणारा केंद्राचा १० नोव्हेंबर २०१७चा आदेश १२ सागरी मैलांपलीकडे कोण राबवतं, दरवर्षी किती नौकांवर कारवाई झाली, याची राज्यनिहाय माहिती मत्स्यव्यवसाय विभागाने वार्षिक अहवालात छापावी.’ यात राग कुठे दिसत नाही, पण मंत्रालयाला उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न आहे.

माहेरच्या मंडळींसाठी आंब्याचं उदाहरण. ‘विमा कंपन्या लुटतात’ असं न लिहिता: ‘हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद धरतात. आमच्या मंडळात केंद्र खाडीकाठी आहे आणि बागा उंच सड्यावर. दोन्हीकडच्या तापमानाच्या आमच्या नोंदी सोबत आहेत. मंडळात एकाहून जास्त केंद्रं असावीत आणि त्यांच्या नोंदी रोज शेतकऱ्यांना बघायला मिळाव्यात.’ अर्थात त्यासाठी कुणीतरी दोन हंगाम नोंद ठेवायला हवी. माझ्या भावाने शाळेच्या जुन्या वहीत ठेवली.

मागण्या पाचाच्या वर नेऊ नका. सभेत यावर भांडणं होतात, होऊ द्या. आमच्याकडे डिझेल आधी की जेटी आधी यावर दोन बैठका गेल्या. शेवटी जेटी काढली, कारण ती या समितीकडे येतच नव्हती.

कुणाचं नाव घेऊन आरोप करू नका: अधिकारी, पुढारी, शेजारच्या गावचा पर्ससीनवाला, कुणाचंच नाही.

७. भाषा आणि पाठवणं

निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत मागतात. मूळ मराठीत लिहा, सभेत वाचून मंजूर करा, मग हिंदी करून घ्या. कॉलेजातली मुलं ते करू शकतात, पण ‘रापण’, ‘डोल’, ‘तांडेल’ हे शब्द तसेच ठेवून पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ द्यायला सांगा. आमच्या पहिल्या हिंदी मसुद्यात रापणीचं नुसतं ‘जाल’ झालं होतं आणि सगळा मुद्दाच गेला होता. मराठी मूळ प्रत मागे जोडा.

जाहिरातीत जेवढ्या प्रती मागितल्या असतील तेवढ्या द्या, बहुतेकदा दोन असतात. पत्ता, ईमेल आणि मुदत जाहिरातीतूनच घ्या. कुणी पाठवलेल्या जुन्या पत्रावरून उतरवू नका. आधी ईमेल करा, त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. आम्ही पहिल्यांदा फक्त टपालावर विसंबलो होतो. समितीपुढे येऊन बोलायची तयारी असेल तर तसं पत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर तुमचा विचारच होणार नाही. बोलवायचं की नाही हे समिती ठरवते.

८. पाठवल्यावर गप्प राहा

हे लोकांना सगळ्यांत जड जातं. समितीला दिलेलं निवेदन तिच्या दफ्तरात जातं आणि ते गोपनीय धरलं जातं. ते पेपरात छापून आणणं, फेसबुकवर टाकणं, पत्रकार परिषदेत वाटणं हा संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. आपल्याकडे निवेदन देतानाचा फोटो आधी आणि निवेदन मागाहून, अशी सवय आहे. इथे ती मोडा. आमचं दुसरं निवेदन वेळेत गेलं, पोच मिळाली, पण त्यात काय होतं ते मी इथे सांगत नाही ते यासाठीच. वर दिलेली एलईडीची मागणी त्यात पाठवली नव्हती.

विषयावर बोलायला, मोर्चा काढायला, लेख लिहायला कुणी अडवत नाही. समितीला दिलेला तो कागद तेवढा बाहेर काढायचा नाही. अहवाल सभागृहात येण्याआधी समितीतलं कामकाज माहितीच्या अधिकारात मागायलाही जाऊ नका. विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती त्या कायद्याच्या कलम ८मध्ये वगळलेली आहे.

९. साक्षीला बोलावलं तर

दोघांनी जा: एक कागद सांभाळणारा, एक समुद्रावर किंवा शेतात प्रत्यक्ष राबणारा. कुठल्या भाषेत बोलणार ते आधी कळवा. बैठक बंद दाराआड असते. अध्यक्षांच्या समोरच्या खुर्चीवर बसायचं, बसताना आणि उठताना मान लववायची, विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर द्यायचं. साक्षीदारांसाठीच्या सूचनांत काही चघळू नये असंही आहे. तंबाखूची सवय असलेल्यांना गाडीतच सांगून ठेवा. तुमची साक्ष छापली जाऊ शकते. एखादा भाग गोपनीय हवा असेल तर तिथेच सांगायचं, पण तोही खासदारांना बघता येतो. साक्षीचा शब्दशः उतारा दुरुस्तीसाठी तुमच्याकडे येतो, तो वेळेत परत करा.

एखादा आकडा माहीत नसेल तर ‘आत्ता माहीत नाही, लेखी पाठवतो’ म्हणा, आणि खरंच पाठवा.

१०. बोलावलं नाही, विषयही यादीत नाही, तर

समितीचे सदस्य संकेतस्थळावर दिसतात. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत, त्यामुळे कुणीतरी ओळखीच्या भाषेतलं सापडण्याची शक्यता असते. गोव्याचे दोन्ही सभागृहांत मिळून तीनच, म्हणून गोव्याच्या रापणकरांनी शेजारच्या राज्यांतल्या सदस्यांनाही लिहावं. पक्ष बघू नका. समितीत विरोधी बाकांवरचे आणि सत्ताधारी एकत्र बसतात आणि अहवाल बहुधा एकमताने देतात.

याचिका समिती हाही रस्ता आहे. लोकसभेकडे याचिका द्यायची तर ती हिंदी किंवा इंग्रजीत, नाहीतर मराठी याचिकेला तसं भाषांतर जोडून. आणि खासदाराची प्रतिस्वाक्षरी घेऊन. राज्याच्या विषयासाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. कायद्याखाली निघालेले नियम जाचत असतील तर संसदेची दुय्यम विधान समिती ते नियम कायद्याला धरून आहेत का हे बघते. या समितीची गावात कुणालाच माहिती नसते, आणि प्रत्यक्षात आपल्याला रोज अडवतात ते कायदे नसतात, नियमच असतात.

११. अहवाल आल्यावर

अहवाल सभागृहात मांडला गेला की त्याच दिवशी उतरवून घ्या. तुमच्या संस्थेचं नाव शोधू नका, मुद्दा शोधा. ठळक अक्षरांतली आपल्या कामाची शिफारस मराठीत करून सोसायटीच्या फळ्यावर लावा आणि खाली अहवालाची तारीख घाला. तिच्यापुढे तीन महिने मोजून दुसरी तारीख लिहा, त्या दिवसापर्यंत मंत्रालयाचं उत्तर यायला हवं. ते उत्तर कृती अहवालात छापून यायला आणखी वेळ लागतो, कधी वर्षही जातं. तोवर सचिव बदलतो, कार्यकारिणी बदलते, समितीही बदललेली असते. म्हणून ठराव, निवेदन, पोच, अहवाल आणि तांडेलांच्या वह्यांच्या झेरॉक्स एकाच फाइलीत ठेवा. नव्या सचिवाच्या हातात दप्तर देताना ती फाइल वेगळी काढून दाखवा, आणि फळ्यावरची दुसरी तारीख त्याच्या वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या.